नऊ पिल्लं आणि शंभर डोस

मखमलाबाद, नाशिक

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

खुडूक बसलेल्या तांबडीखाली अकरा अंडी ठेवली होती, त्यातून नऊ पिल्लं निघाली. आज चौथा दिवस. आई सकाळी डालगं उचलते तेव्हा सगळी एकदम बाहेर सांडतात. ती बघताना आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. गेला उन्हाळा मी विसरलेलो नाही.

तुला फोनवर नीट सांगता आलं नव्हतं. आधी दोन कोंबड्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या. मग हिरवी हगवण, चोच उघडी ठेवून घेतलेला श्वास. ठिपक्यांच्या कोंबडीची मान पाठीकडे वळली. दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडेच आपटायची. पाण्याचा थेंबही तिला धड घेता येईना. आठ दिवसांत चौदातल्या दोन उरल्या. बाकीच्या खड्ड्यात, वरून चुना. मानमोडी, म्हणजे राणीखेत. विषाणूचा आजार, लागण झाल्यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

आई म्हणते, गावठी कोंबडी काटक असते, तिला कसली लस? मला वाटतं, आपण जगलेल्या कोंबड्या बघून काटक म्हणतो. मेलेल्या कोण मोजतं? पण आईची एक शंका मला खरी वाटली: जिवंत विषाणू इवल्याशा जिवात का घालायचा? मी तेच डॉक्टरांना विचारलं. राणीखेतच्या लासोटा लसीतला विषाणू सौम्य असतो, एखाद-दोन दिवस शिंका येऊ शकतात, म्हणाले. सातव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यात एक थेंब, चौदाव्याला गंबोरोची (पिल्लांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) लस, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा. साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही राणीखेतचीच दुसरी लस, टोचायची.

अडचण निराळीच आहे. बाटली 100 डोसची आणि माझी पिल्लं नऊ. एकदा द्रावण कालवलं की तास-दोन तासांत वापरायचं, उरलेलं टाकायचं. बाटली 2 ते 8 अंशांत राहिली नाही तर लस देऊनही न दिल्यासारखीच. म्हणून काल गल्लीत घरोघर फिरलो. पाच घरांची मिळून एकेचाळीस पिल्लं झाली, पैसे वाटून घेऊ. एका घरी मात्र दोन पिल्लं मलूल दिसली. आजारी पिल्लांना लस द्यायची नसते, म्हणून त्या घरची सगळीच सध्या राहू द्या म्हटलं. काकूंना वाईट वाटलं. मलाही वाटलं. त्यांची पिल्लं डॉक्टरांना दाखवून आणेन म्हणालो आहे, आणि तोवर त्यांच्या अंगणात जाऊन आलं की चप्पल धुऊनच घरात येतो.

तर लस द्यायची हे माझं ठरलं. आई अजून हो म्हणालेली नाही, पण काल रात्री तिनेच फ्रिजमधला बर्फाचा ट्रे भरून ठेवला.

रविवारी सिन्नरहून सकाळीच निघ. उन्हं चढायच्या आत उरकायचं आहे. तुझा तो मोठा थर्मास आण, दवाखान्यापासून घरापर्यंत बाटली त्यातच ठेवू. आणि पिल्लं तूच धर. लहानपणी तुझ्या मुठीत ती कशी गप्प बसायची, आठवतं ना? मी थेंब सोडेन. डोळा मिटून थेंब आत जाईपर्यंत सोडायचं नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल