गडगे राखणाऱ्यांचा विसर नको

रविवारच्या पुरवणीतील इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावरील लेख वाचला. समुद्राकाठची रंगीत घरे आणि डोंगरउतारावरचे द्राक्षमळे यांचे वर्णन सुरेख आहे. पण तिथले राहणे म्हणजे बारमाही सुट्टी, हे म्हणणे पटले नाही. ते मळे निसर्गदत्त नाहीत. उभ्या डोंगरावर चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून, पाठीमागे बारीक खडी भरून पिढ्यान्‌पिढ्या गडगे घातले गेले. त्यामुळे पाण्याला वाट मिळते आणि माती जागेवर राहते. पावसाळी दिवसांत गडगा ढासळला की तो हातानेच पुन्हा रचावा लागतो. मळ्यांच्या त्या अरुंद पायऱ्यांवर मोठे यंत्र चढत नाही. तरुण नोकरीसाठी शहरांत गेले, मळे ओस पडले आणि उतार कमकुवत झाले. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो या गावांत दगडमातीचा लोंढा शिरला, माणसे दगावली. १९९७ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. पर्यटक ज्या दृश्यासाठी पैसे मोजतात ते शेतकऱ्याच्या श्रमातून उभे आहे, तेव्हा त्या पैशाचा ठोस वाटा गडग्यांच्या दुरुस्तीसाठी थेट त्याच्या हाती पडला पाहिजे. लेखात त्याच्याविषयी चार ओळी तरी हव्या होत्या.

— एक वाचक, रत्नागिरी