पोरांना विहिरीत उतरवण्याआधी

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पोरांना गावी नेऊन विहिरीत पोहायला शिकवणार म्हणतोस, ते उत्तम. टँकमध्ये चार वर्षं पोहणारं पोर नदीतही तरेल, असं मात्र धरून चालू नकोस. टँकचा तळ दिसतो, काठ हाताशी असतो आणि पाणी जागचं हलत नाही.

आधी मोटरीचं बघ. गावाकडे बऱ्याच मोटरींना ऑटो असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू होते. केबलचा पाण्यातला सांधा कुजला असेल तर विहिरीत करंट उतरतो. म्हणून नुसतं बटण दाबून भागायचं नाही. फ्यूजच्या किटकॅट (तार असलेले चिनीमातीचे तुकडे) काढून स्वतःच्या खिशात ठेव, मगच पोरांना पायऱ्या उतरू दे. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, एरवी खोल बुडालेल्या कपारी तेव्हा जेमतेम हातभर पाण्याखाली असतात. लांब बांबूने सगळीकडे खोली बघून घे. पहिले काही दिवस सूर मारायचाच नाही.

पोराला तरंगायला रिकामा पाच लिटरचा डबा बांधणार असशील तर झाकण घट्ट बघ आणि डबा खांद्यांच्या मागे, पाठीवर वर बांध. कमरेला बांधला की कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जातं. शिवाय कमरेला वेगळा दोर हवा, त्याचं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. आणि ज्या विहिरीचं पाणी गाव पितं, तिच्यात उतरूच नका.

नदीवर मला सगळ्यात भीती वाळू उपशाच्या खड्ड्यांची वाटते. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. वर चढायला पाय रोवला की भुसभुशीत कडा घसरते आणि माणूस आणखी आत जातो. अशा वेळी उभं राहायचा हट्ट सोडायचा. आडवं होऊन, पाय मारत, आलो त्याच दिशेला परतायचं. पोरांकडून हे उथळ पाण्यात करून घे. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी कुणीच जायचं नाही. तिथलं पृष्ठभागावरचं पाणी माणसाला उलटं भिंतीकडे ओढतं आणि फेसात हवा असल्याने अंग नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे अडकतो.

आता आजारांचं. उन्हाळ्यात साचलेल्या, कोमट, उथळ पाण्यात एक अमीबा वाढतो. तो पाणी गिळून बाधत नाही, नाकातून मेंदूकडे जातो. केरळात २०२४ मध्ये त्याने मुलं दगावली. आजार दुर्मिळ, पण झाला तर वाचणं कठीण. म्हणून उडी मारताना नाक दाबायचं, तळाचा गाळ ढवळायचा नाही. अशा पाण्यात पोहल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या तर थेट मोठ्या दवाखान्यात ने.

जूनच्या पहिल्या पावसापर्यंत थांबलात तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) बघ. उंदीर-गुरांचं मूत वाहून ओढ्यात येतं, आणि जंतू खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-नाकातून शिरतात. पायाला जखम असेल तर त्या पोराची त्या दिवशी अंघोळ घरीच. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल होणं ही खूण. डॉक्टरांना 'ओढ्यात पोहला होता' हे आपणहून सांग, त्यांना ते कळायला दुसरा मार्ग नाही. लेप्टोवरच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या मनाने देऊ नकोस, आठ वर्षांखालच्यांना तर नाहीच. तोंडात गेलेल्या पाण्याने कावीळ आणि गॅस्ट्रो होतात. चूळ भरायची ती घरच्या पाण्याने.

कुणी बुडायला लागलं तर मागोमाग उडी नको. दोर, बांबू, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं हे प्रकार गावात अजून चालतात. करू देऊ नकोस, वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास, १०८ची गाडी येईपर्यंत. दाब मिनिटाला १०० ते १२०. वहिनींनाही शिकवून ठेव.

निघायची तारीख ठरली की कळव. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता