लेकीला पत्र: हॅम शिजवताना मिठाचा हात आवर

जालना,
८ डिसेंबर

प्रिय सोनूस,
पप्पाचा सप्रेम सलाम.

तू जर्मनीहून पाठवलेले फोटो पाहिले. तीन पाकिटं आणि तो हाडासकटचा साडेतीन किलोचा हॅम. तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या नऊ जणींना नाताळच्या जेवणाला बोलावलंस हे ऐकून मम्मीला फार बरं वाटलं. मला मात्र आधी काळजी लागली ती मिठाची. फोनवर सांगितलेलं निम्मं तू विसरतेस आणि उरलेलं आवाज तुटण्यात जातं, म्हणून पत्रच लिहायला बसलो. फोटो काढून पाठवतो, स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवून ठेव.

माय, हॅमला मटण समजू नको. मटण आपण कच्चं आणतो, धुतो, मीठ-हळद चोळतो, मग चुलीवर चढवतो. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, घरात येण्याआधीच मिठात मुरलेली. त्यात तुला मीठ घालायचं नाहीच. आत मुरलेलं मीठ कुठल्या भांड्यात किती उतरू द्यायचं, तेवढंच तुझ्या हातात आहे.

तुला आजीच्या चान्या आठवतात का? तू लहान होतीस तेव्हा तिनं शेवटच्या केल्या असतील. एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात दोरी बांधायची, मांसाच्या लांब लांब पट्ट्या मीठ-हळद लावून तिच्यावर टाकायची आणि कावळे हाकायला मला काठी देऊन बसवायची. पहिल्या दिवशी दोरीखालची माती ओली व्हायची, तिसऱ्या दिवशी पट्ट्या वाजायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की मूठभर चान्या ठेचून आमटीत पडायच्या आणि आठ माणसं जेवून उठायची. हॅम त्याच घराण्यातला. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, पाणी आटलं की जंतूंना जगता येत नाही. पुढचं काम आपल्याकडं ऊन करतं. तिकडं तसलं ऊन नाही, म्हणून ते थंड हवेवर आणि धुरावर सोपवलेलं. हॅमचा गुलाबी रंग बघून कच्चा आहे असं समजू नको. मिठासोबत नायट्राइट नावाचं रसायन घातलेलं असतं, त्यानं शिजल्यावरही तो रंग टिकतो. साधं डुकराचं मटण शिजलं की करडं-पांढरं होतं, हे तू घरी पाहिलंयस.

आता तुझी पाकिटं. ज्याच्यावर ‘कोखशिंकन’ लिहिलंय तो शिजवलेला हॅम, ओलसर आणि मऊ. तसाच खाता येतो. काळ्या कडांचा, पातळ कापांचा तो श्वार्त्सवाल्डचा, म्हणजे तुझ्या स्टुटगार्टच्या जवळच्याच डोंगराळ जंगलातला. कोरडं मीठ लावून मुरवायचा आणि मग देवदारासारख्या झाडांच्या लाकडाचा थंड धूर कित्येक दिवस द्यायचा, अशी त्याची रीत. तो शिजवायचा नसतो. आमटीत टाकलास तर चिवट होईल आणि आमटी खारट करील. गरम भाकरी, लोणी आणि वर एक काप, एवढ्यावर थांब. ठेचा मात्र लावू नको, धुराची चव पार मरते. तिसरं पाकीट चौकोनी तुकड्यांचं, ते रोजच्या कामाचं.

रोजचं म्हणजे काय, तर ड्यूटीवरून येशील तेव्हा दोन अंडी, कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर तुकडे घालून भुर्जी. नाहीतर पत्ताकोबी परतताना. तुझ्या मम्मीला तो चुरमुऱ्यांच्या सुशीलात आवडतो. चुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत आधी हॅमचे तुकडे कडा लाल होईपर्यंत परतायचे, मग कांदा, मिरची, हळद, चुरमुरे आणि वरून शेंगदाण्याचं कूट. यात कुठंच वेगळं मीठ नाही. तेलही निम्मंच घे, तुकड्यांची चरबी सुटते.

पण ‘रोजचं’ म्हणालो म्हणून रोज खाऊ नको. तू नर्स आहेस, तुला ठाऊकच असेल. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं खारवलेलं, धुरावलेलं असलं मांस कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी सांगितलं. मला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हापासून आपल्या घरी हॅम नाताळाला आणि ईस्टरला, बस्स. तू आठवड्यात एखादवेळ खा, आणि चान्यांसारखा खा. भाजी भरपूर, हॅम चवीपुरता.

आता मोठा हॅम. लेबल नीट वाच, शिजवलेला आहे की कच्चा खारवलेला. फोटोत मला शिजवलेला वाटतो, तरी कसायाला विचारून खात्री कर, अंदाजानं जाऊ नको. कच्चा असेल तर रात्रभर थंड पाण्यात फ्रीजमध्ये बुडवून ठेव, सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात मंद उकळ आणि मगच ओव्हनला लाव. शिजवलेला असेल तर फक्त आतपर्यंत गरम करायचा आहे. ओव्हन १६० अंशांवर, किलोमागे साधारण पाऊण तास. ट्रेमध्ये दोन पेले पाणी घाल आणि वरून फॉइल घट्ट लाव, नाहीतर लाकूड होईल. थर्मामीटर घे. हाडाला न लावता मधोमध खुपस. शिजवलेल्याला ६० अंश पुरेत, कच्चा असेल तर मी ७० पाहिल्याशिवाय काढणार नाही.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली की बाहेर काढ. कातडी असेल तर सुरीनं सोलून काढ, खालची पांढरी चरबी राहू दे. तिच्यावर शंकरपाळी कापतो तशा तिरक्या रेघा मार, चरबीपुरत्याच खोल, मांसापर्यंत नको. प्रत्येक शंकरपाळीत एक लवंग खोच. आता पाक. हॉटेलात स्वयंपाकी होतो तेव्हा आम्ही ब्राउन शुगर आणि मोहरीची पेस्ट लावायचो. घरी मी आपला गूळ घेतो, वाटीभर, त्यात जालन्याच्या दोन मोसंब्यांचा रस आणि दोन चमचे मोहरीची पेस्ट, चिकट होईपर्यंत आटवायचं. तिकडं मोसंबी मिळाली नाही तर संत्र्याचा रस आणि अर्धं लिंबू. फॉइल काढून टाक, ओव्हन २०० वर ने आणि दोन-तीनदा ब्रशनं पाक लाव. तिथून हलू नको. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. रेघांच्या कडा उचलून तपकिरी झाल्या की काढ आणि वीस मिनिटं झाकून ठेव, मग काप. हा पाक गोड का, तर आतल्या मिठाला तो तोलून धरतो. त्यासोबत बिनमिठाचा भात आणि उकडलेले बटाटे ठेव. भाताला सवयीनं मीठ टाकशील, म्हणून आधीच सांगतो.

त्या नऊ जणींत एक तुर्की मैत्रीण आहे म्हणालीस. तिला आदल्या दिवशीच सांग की घरात डुकराचं मांस असेल. तिचं जेवण आधी रांध. कढई, सुरी, पाट, पळी सगळं वेगळं, आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांड. आपल्या गल्लीत चाचींकडून ईदला शिरखुर्मा येतो आणि नाताळाला आपल्याकडून करंज्यांचा डबा जातो. त्या करंज्या मम्मी हॅमच्या आदल्या दिवशी, त्याचं भांडंसुद्धा घरात निघालेलं नसताना तळते. इतकी वर्षं चाचींनी तो डबा बिनधास्त उघडलाय.

आणि हाड. लेकरा, हाड फेकलंस तर अर्धा हॅम फेकलास. औरंगाबादला हॉटेलात लागलो त्या वर्षी हाडांचं सूप माझ्याकडं दिलं होतं. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांची मोठी तुकडी होती. मी पातेलं चढवलं आणि आपल्या आमटीच्या हिशोबानं सुरुवातीलाच मीठ टाकलं. दोन तास ते आटत गेलं, हाडातलं मीठ उतरत गेलं. वीस लिटर सूप मोरीत ओतावं लागलं. हेडशेफ रागावले नाहीत. त्यांनी मला चमच्यानं ते प्यायला लावलं, फक्त एकदा. ती चव अजून जिभेवर आहे.

तर दुसऱ्या दिवशी असं कर. हाडाला थोडं मांस राहू दे. सोललेल्या दुभंग वाटाण्याचे दोन पेले धुऊन घे, नसले तर हरभऱ्याची डाळ तासभर भिजव. कांदा, लसूण परत, हाड ठेव, ते बुडून वर चार बोटं पाणी. दीड-दोन तास मंद आच. डाळ विरघळली की हाड काढ, मांस सोडवून परत आत टाक. आता मी पाठवलेला येसूर, ते आपलं भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, दोन चमचे थंड पाण्यात कालवून घाल, पाच मिनिटं उकळू दे, दाटपणा येतो. मग चाख. त्यानंतरच मिठाचा विचार. बहुतेक वेळा लागतच नाही, लिंबू पिळलं की पुरतं. खारट झालंच तर बटाटा मीठ शोषतो या भरवशावर राहू नको, वेगळी बिनमिठाची डाळ शिजवून त्यात वाढव. ज्वारीच्या कण्या असतील तर त्यांच्यावर वाढून खा. या दिवसांत कण्या आणि हे गरम कालवण असलं की मला दुसरं काही लागत नाही.

उरलेला हॅम फ्रीजमध्ये झाकून तीन-चार दिवस. त्याहून जास्त राहील असं वाटलं तर लहान लहान पुड्या करून फ्रीजरला टाक. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त उघडा ठेवू नको, तिकडं थंडी असली तरी खोलीत हीटर असतो.

इकडं देवळात नाताळ गीतांची तालीम सुरू झाली आहे. मम्मी सोप्रानोत, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत आहे, तुझ्या जागेवर पाळक साहेबांची धाकटी उभी राहते. मम्मी म्हणते पोरीचा आवाज चांगला आहे, पण तुझ्यासारखा वर जात नाही.

२५ तारखेला ओव्हनचं दार लावलंस की किती वाजले ते कळव. आपण साडेचार तास पुढं आहोत, तुझ्याकडं दुपार असेल तेव्हा इथं रात्र झालेली असेल. कितीही उशीर होऊ दे, पाकाच्या वेळी व्हिडिओ लाव. मी जागा आहे.

तुझा,
पप्पा