बाबांच्या नाश्त्याला कोणी यायचं?

मेलबर्न,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,
सा. न.

जानेवारीत तुझ्या शाळेत माता-पालक मेळाव्याला हळदीकुंकू ठेवायचं की नाही, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी ट्रॅममध्ये होतो, धड बोलता आलं नाही. गेल्याच आठवड्यात तुझ्या भाच्याच्या शाळेत तसलाच वाद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे ऑस्ट्रेलियात फादर्स डे जूनमध्ये नसतो, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतो. आदल्या शुक्रवारी शाळेच्या मैदानात सकाळी साडेसातला ‘बाबांसोबत नाश्ता’. पावात अंडं आणि बेकन घालून हातात देतात. (मी नुसतं अंडं घेतलं, आईला सांग.) त्याच्या आधी पालकांनी लावलेला स्टॉल: मोजे, कप, स्क्रूड्रायव्हरचे छोटे सेट, ‘जगात भारी बाबा’ लिहिलेल्या कीचेन. पोरं पाच-पाच डॉलर मुठीत धरून रांगेत उभी.

वर्गातल्या एका पोराला दोन आया आहेत. इथे २०१७ पासून तसं लग्न कायदेशीर आहे, त्याचं कोणाला काही वाटत नाही. वर्गातल्या आणखी एका मुलीचे वडील दूर पश्चिमेला खाणीवर, आठवडेच्या आठवडे घरी नसतात. आणि एक आपलीच नाशिककडची बाई, घटस्फोटानंतर लेकीला एकटी वाढवते. तिनं पालकांच्या ग्रुपवर विचारलं, मी आले तर चालेल का? उत्तर आलं, पत्रकात खाली लिहिलंय की, बाबा नसतील तर आजोबा किंवा काका चालतील. आता तिचे वडील, भाऊ सगळे नाशकात! आपल्यासारख्या परदेशी आलेल्यांनी काका कुठून पैदा करायचा?

ती आली. कोणी वाईट वागलं नाही. कॉफी देणाऱ्यानं मात्र हसत विचारलं, “बाबा कामावर का?” पोरगी हातातल्या पावाचे तुकडे पाडत बसली, खाल्ला नाही.

ही काही एखाददुसऱ्या घराची गोष्ट नाही गं. इथल्या २०२१च्या जनगणनेत एका पालकाची कुटुंबं दहा लाखांच्या वर निघाली, त्यातल्या पाचातल्या चार घरांत आईच एकटी.

मग ग्रुपवर जुंपली. काहीजण म्हणाले, बंदच करा, ‘कुटुंब दिन’ ठेवा. ते मला पटलं नाही. एरवी पालकांच्या मीटिंगला जा, सगळ्या आयाच. या एका सकाळी बापलोक कामाच्या बुटांसकट शाळेत उगवतात, बाईंशी बोलतात, पोराचा वर्ग कुठला ते त्यांना कळतं. ‘कुटुंब’ म्हटलं की पुन्हा आयाच येतील. म्हणून मी सुचवलं, वेळ तीच ठेवा, खाणं तेच ठेवा, फक्त पत्रकात लिहा की, प्रत्येक मुलानं आपल्या आवडीचं एक मोठं माणूस आणावं, आणि एरवी शाळेत न फिरकणाऱ्यांनी तर यावंच. आणि स्टॉलवर वस्तू कोणासाठी घेतोस हे विचारू नका, विकत घेऊ दे पोराला. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बघतील तेव्हा खरं.

गंमत अशी की, हे दिवस सुरू झाले ते अशाच घरांमुळे. फादर्स डे १९१० साली अमेरिकेतल्या स्पोकेन गावात पहिल्यांदा साजरा झाला. सोनोरा डॉड नावाच्या बाईनं तो मागितला, कारण आई गेल्यावर तिच्या वडिलांनी सहा मुलं एकट्यानं वाढवली होती. मदर्स डेला भेटवस्तू द्यायची इथली रीत १९२४ साली सिडनीत जॅनेट हेडननं सुरू केली म्हणतात. सरकारी आश्रमात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आया तिला दिसल्या, मग शाळकरी मुलांकडून आणि दुकानदारांकडून तिनं त्यांच्यासाठी वस्तू गोळा केल्या. मे महिन्यात इथे शरद असतो, त्यामुळे त्या दिवशी आयांना शेवंती देतात.

आता तुझ्या शाळेचं. बाबा गेले त्या वर्षी तू सातवीत होतीस, मेळाव्यात स्वागतगीत तुझं होतं. आई फाटकापर्यंत आली, तुझ्या हातात पोह्यांचा डबा दिला आणि मागे वळली. ‘येऊ नका’ असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, पण चिठ्ठीवर हळदीकुंकू लिहिलं होतं, तेवढ्यानं भागलं. तू शिकवतेस त्या वर्गातही दोघी आया तशा आहेत म्हणालीस. त्यांना ‘तुम्हीही या हं’ असा वेगळा निरोप मात्र पाठवू नकोस, तो आपल्या आईला आला असता तर ती फाटकापर्यंतसुद्धा आली नसती.

चिठ्ठीत ‘तिळगूळ आणि पालक मेळावा’ एवढंच लिही. वाण प्रत्येकीला. हळदीकुंकवाचं ताट टेबलावर राहू दे, जिला हवं ती लावून घेईल. मोठ्या बाईंनी कुरकुर केली तर हेरवाडचं नाव घे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तेच करायला सांगितलं. शाळा गावातच आहे ना?

आणि मेळावा रविवारी सकाळी ठेवता आला तर बघ, म्हणजे बापांनाही सबब उरणार नाही. वाणाला स्टीलच्या वाट्या नकोत, घरोघरी त्यांचा ढीग आहे. त्यापेक्षा पोरांच्या गोष्टींची पुस्तकं घ्या. पैसे कमी पडले तर आकडा कळव, लगेच पाठवतो.

आईला नमस्कार, भाऊजींनाही.

तुझा,
धाकटा