पालकमंत्री साहेब, विमान नको, रेकॉर्डर पाठवा

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा, यांस
सप्रेम नमस्कार.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 निवृत्त झालं, तेव्हापासून आमच्या जुळे सोलापुरातल्या सकाळच्या कट्ट्यावर एकच धोशा: एक जुनं मिग आणून चौकात उभं करा. माझा विरोध आहे. दोन वर्षांत पंखांवर कबुतरं, खाली वडापावची गाडी आणि पुढ्यात वाढदिवसाचे फ्लेक्स. (त्यावर तुमचाही फोटो असतो, राग मानू नका.)

माझे वडील, अण्णा, हवाई दलात आर्मरर होते. विमानाला बॉम्ब, रॉकेट, तोफेचे गोळे चढवणारे. 1971 ला पंजाबातल्या एका तळावर सुखोई-7 च्या ताफ्यात. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर हल्ले केले आणि 17 तारखेपर्यंत अण्णांनी पायातले बूट जेमतेम काढले. ब्लॅकआउट, कडाक्याची थंडी, आणि हातमोजे घातले की पिन हाताला लागत नाही, म्हणून उघड्या बोटांनी काम. उड्डाणाआधी लाल फितीच्या सेफ्टी पिना काढायच्या, वर धरून वैमानिकाला दाखवायच्या. त्याने अंगठा दाखवला की विमान हललं. पिना आर्मररच्या खिशात.

एका दुपारी चार विमानं गेली, तीन आली. अण्णा शिडी धरून अंधार पडेपर्यंत उभे होते. कुणी तरी येऊन शिडी काढून घेतली. त्या पिना मात्र कुणी मागितल्या नाहीत.

5 डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचंही सुखोई-7 पाकिस्तानात पडलं. युद्धात बेपत्ता झालेल्या 54 जणांच्या यादीत ते आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी उभा जन्म त्यांचा शोध घेतला, म्हणून ते नाव आपल्याला माहीत तरी आहे. हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र मिळालेले निर्मलजितसिंग सेखों शाळेच्या पोरांनाही ठाऊक असतात, असायलाच हवेत. पण त्या विमानांत रात्रभर दारूगोळा भरणारे? मी एका कार्यालयात हाच प्रश्न घेऊन गेले, तर समोरून विचारणा झाली, "काही शौर्यपदक वगैरे?" नाही. अण्णांकडे पदक नाही, डाव्या कानाने ऐकू येत नाही एवढंच.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्हीच. विमान आणून चौथऱ्यावर बसवायला जो खर्च येईल, त्याच्या चिमूटभर पैशात विद्यापीठाची चार पोरं जिल्हाभर फिरवता येतील. बार्शी, करमाळा, अक्कलकोट, जिथे जुना वायुसैनिक असेल तिथे जाऊन त्याला बोलतं करायचं आणि ते जपून ठेवायचं. गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून होटगी रोडच्या विमानतळावर लोक ताटकळत बसतात. तिथल्या एका भिंतीवर ही माणसं ऐकायला मिळाली तर बिघडणार नाही.

पण घाई करा. अण्णा ऐंशीला टेकलेत. पिना अजून ट्रंकेत आहेत, शेंगाचटणीच्या जुन्या डब्यात. दुपारी दोन ते चार ते झोपतात, तेवढी वेळ सोडून पोरांना कधीही पाठवा. उजव्या बाजूला बसायला सांगा.

आपली,
एका वायुसैनिकाची मुलगी
जुळे सोलापूर