कोरा फर्मा

नागपूर, रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. दसरा, मग दिवाळी अंक, यात लिहायला बसणं झालंच नाही. आज पुस्तकांच्या दुकानाचं शटर अर्धं पाडून आत बसलोय. बाहेर धरमपेठेत सामसूम आहे.

नवीन काय आलंय, असं विचारलंस. येतंय भरपूर रे. पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, आता कितीतरी पुस्तकं दोनशे-तीनशे प्रतींचीच निघतात आणि मागणी आली की पुन्हा छापतात. त्यामुळे नवी पोरं छापली जाताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. किमती मात्र छातीत धडकी भरवतात. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे आणि तो प्रकाशकाला परत मिळत नाही. शेवटी तो वाचकाच्याच माथी येतो. कॉलेजची पोरं पुस्तक उचलतात, मलपृष्ठ वाचतात, किंमत बघतात आणि हळूच जागेवर ठेवतात. ते ठेवणं मला बघवत नाही.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. उन्हाळ्यात उमरेडहून एक शिक्षिका आल्या. आधीच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एक नवी कादंबरी नेली होती. पिशवीतून ती काढून त्यांनी माझ्यासमोर उघडली. ऐंशी पान संपलं आणि पुढचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा, कोरा! सोळा पानं पांढरी, मग एकदम सत्त्याण्णव. मी गठ्ठा सोडला. उरलेल्या चार प्रतींतली आणखी एक तशीच निघाली. चांगली प्रत त्यांच्या हाती देऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मधे काय होतं हो? चार दिवस तेच डोक्यात आहे. तुम्ही वाचली असेल ना?"

मी वाचली नव्हती. त्यांना मात्र "अवश्य घ्या" म्हणून मीच दिली होती.

त्या कूलरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि आधी ती सोळा पानं वाचून काढली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. मी गल्ल्यावर बसून त्यांच्याकडे बघत होतो. इतकी लाज मला उधारी थकली तेव्हाही वाटली नव्हती.

तेव्हापासून समोरच्या टेबलावर मी वाचलेलंच पुस्तक ठेवतो. महिन्याला चार होतात, कधी पाच. बाकीची रॅकवर. आणि पार्सल आलं की प्रत्येक प्रतीचे फर्मे अंगठ्याने चाळून बघतो. धंदा थोडा मंदावला हे खरं, पण टेबलावरचं पुस्तक कुणी उचललं की आता मी त्याच्याशी बोलू शकतो.

यंदाही दीक्षाभूमीला स्टॉल लावला होता. तिथली विक्री बघायची तर तू एकदा येच. रात्रभर रेल्वेने आलेली माणसं, हातात भाकरीचं गाठोडं, आणि परतताना पुस्तकांची पिशवी. परभणीकडचे एक म्हातारे आले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हवं होतं. १९५७ साली, बाबासाहेब गेल्यानंतर आलेला हा ग्रंथ. त्यांच्या घरची प्रत वाचून वाचून खिळखिळी झाली होती, आता नातीसाठी नवी घ्यायची होती. त्यांनी किंमत नाही विचारली. पुस्तक उलटं धरलं, पाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "शिवलेलं हाय का चिकटवलेलं?" शिवलेली प्रत शोधून दिली. आपल्या उन्हात नुसता गोंद टिकत नाही, दोन उन्हाळ्यांत पानं हातात येतात. प्रकाशकांना मी हे दरवर्षी सांगतो. त्या बाबांनी प्रत दुपट्ट्यात गुंडाळली आणि नमस्कार करून गर्दीत शिरले.

गडचिरोली, भामरागडकडच्या वाचकांना आता पुस्तकं ज्ञान पोस्टाने, म्हणजे टपाल खात्याच्या स्वस्त पुस्तक-टपालाने पाठवतो. १ मे २०२५ पासून ही सोय झालीय. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर. पुस्तकापेक्षा टपाल महाग, असं तिकडच्या पोरांना आता होत नाही.

तुलाही त्यानेच एक पाठवतोय. नव्या मुलीचा पहिलाच कथासंग्रह आहे, वैनगंगेकाठचा. दोनदा वाचलाय, फर्मे तपासलेत. तिसरी कथा झाली की फोन कर, रात्री नऊनंतर. शेवट मला पटलेला नाही आणि त्यावर तुझ्याशी भांडायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दुकानवाला