तुमच्या माळ्यावरच्या कागदांबद्दल

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "अजून ती जुनी मोडी लिपीच गिरवतोयस? पुण्यात लिप्यंतर करून देणारे मिळतात की. पैसे टाक आणि मोकळा हो." तेव्हा हसण्यावारी नेलं, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

तुमच्या पेटीतले कागद मी वाचीन असं म्हणालो तेव्हा वाटलं होतं, मुळाक्षरं आली की झालं. ती आलीही लवकर. मग खरं पत्र समोर आलं. लिहिणाऱ्याने आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतलेली आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षराला अक्षर जोडत गेलेला. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाला एकच खूण. शब्द कुठे तुटतो हे कळायला तो आधीच ओळखीचा हवा, आणि निम्मे शब्द फारसी वळणाचे! काल लागलेली ओळ आज पुन्हा परकी दिसते. दिवसभर ऑफिसात डोळे फोडून आल्यावर हे कुणासाठी, असं मनात येतंच. बायको काही विचारत नाही, ते जास्त टोचतं.

पण खरी भीती निराळी आहे. वाचता आलं, आणि आत नुसता सारावसुलीचा हिशेब निघाला तर? तुझे आजोबा म्हणायचे ना, आपले कोणी पानपतावर होते. तसं काही सापडावं असं मलाही वाटतं. बहुतेक नाहीच सापडणार.

जुनी मोडी पत्रं शोधून छापणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचं उदाहरण मला सगळे देतात. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड, मग एकूण बावीस. खरं सांगू, अशा माणसांचं नाव घेतलं की मला हुरूप येत नाही, छातीच दडपते. उपयोग झाला तो त्यांनी छापलेल्या पत्रांचा. ती देवनागरीत रोज थोडी वाचू लागलो आणि त्या काळची लिहिण्याची रीत कानात बसली. 'विनंती विशेष', 'येथील कुशल जाणोन', 'हे विनंती' हे ठरलेले तुकडे आधी हाताला लागतात, मग मधली अक्षरं त्यांच्या आधाराने सुटतात. शंका आहे तिथेच आहे. फक्त कागद पुढ्यात असतो तेव्हा तिच्याकडे बघायला सवड नसते. म्हणून रात्री जेवणानंतर एक पान, लागो न लागो.

आता बातमी. तू पाठवलेल्या फोटोतल्या लांबोळक्या कागदावरचा सन लागला. 'सलास सबैन मया व अलफ', म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार. सुहूर सन ११७३, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांत लिहीत ती कालगणना. त्यात ५९९ मिळवले की १७७२, आणि हे वर्ष एका मृग नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंत धरायचं. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते हेच वर्ष. पानिपत होऊन अकरा-बारा वर्षं झालेली, तेव्हा आजोबांची गोष्ट या कागदात नाही. खाली दोन बैलांवरून काहीतरी तंटा दिसतोय. कुणी कुणाचे नेले, ते अजून लागत नाही.

एक काम कर. त्याच कागदाचा पुन्हा फोटो काढ, दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, पाठीमागची बाजूही. घडीवर फाटलंय तिथे चिकटपट्टी मात्र लावू नकोस. आणि काकूंना सांग, पेटीत डांबरगोळ्या टाकताना कागद वर काढून ठेवा.

तुझाच